आखाजीला आलेली कुंडी

फोन आला तेव्हा मी दिल्लीच्या एका पार्टीशी भाव करत होतो. समोरचा नमायला आला होता, अजून पाच मिनिटं आणि सौदा माझ्या बाजूला पडला असता. मोबाइलवर भाचीचं नाव दिसलं, मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तो ओरडायलाच. ‘‘वैशाली, दुकानाच्या वेळेला…’’ एवढंच बोललो. पलीकडून वैशाली म्हणाली, ‘‘मामा, आई गेली.’’ कोजागरीनंतरचा तिसरा दिवस होता. समोरचा दिल्लीवाला कापडाचा कोपरा चिमटीत धरून माझ्याकडे बघत होता… तो सौदा त्या दिवशी झालाच नाही.

इंदूआक्का माझी मोठी बहीण. धुळ्याकडच्या आमच्या गावातून मी चौदाव्या वर्षी सुरतला आलो तो तिच्या डिंडोलीच्या खोलीवर. मेहुणे लूमवर पाळी करायचे, आक्का घरी साड्यांना टिकल्या लावायची. त्या एका खोलीत तिने मला आठ वर्षं सांभाळलं. मी हातगाडीवर कटपीस विकले, मग दलाली केली, मग मार्केटमध्ये काचेच्या दाराचं, एसी असलेलं दुकान घेतलं. कुणाच्या वशिल्याने नाही, स्वतःच्या तोंडाच्या जोरावर. हेच तोंड आक्काशीही तसंच चाललं, हे आता लिहावं लागतंय.

अडीच वर्षांपूर्वी माझा बंगला उभा राहिला. वास्तुशांत ज्येष्ठात करायची ठरली होती. तेवढ्यात जेवणावळवाला वैशाखातल्या तारखेला स्वस्तात तयार झाला आणि मी गुरुजींना मुहूर्त अलीकडे आणायला लावला. आक्काला फोन करून नवी तारीख सांगितली. तिने तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, ‘‘भाऊ, त्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या बाया मनालीला निघाल्यात. मी जाते आहे. तुला मागेच सांगितलं होतं.’’ मी म्हणालो, ‘‘रद्द कर.’’ ती हसली. ‘‘तुना बंगला कोठे पळी जाई राहिना का रे? आल्यावर येते.’’ आक्का माझ्याशी अहिराणीतच बोलायची. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी बरंचसं सरळ करून लिहितो आहे. पण हे वाक्य जसंच्या तसं कानात राहिलंय, कारण ते मला सुईसारखं टोचलं होतं.

जन्मात सुरत, धुळं आणि सप्तशृंगी गड सोडून ती कुठे गेली नव्हती. तरी मला वाटलं होतं, ती रद्द करेल. नाही केलं. नव्या घराच्या दारात बहिणीने औक्षण करायचं असतं, ते चुलतबहिणीने केलं. चार माणसांनी विचारलं, ‘‘आक्का दिसत नाहीत?’’ मी सांगितलं, ‘‘ती बर्फ बघायला गेलीय.’’ लोक हसले. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून आक्काशी बोलणं तोडलं. खरं सांगायचं तर आजही वाटतं, तिने यायला हवं होतं. एवढं सगळं झाल्यावरही तो सल जात नाही, याची लाज वाटते, पण आहे ते आहे.

मनालीहून तिने आणलं काय, तर कागदाच्या पुडीत बी. राहिली त्या हॉटेलच्या बागेत तिने एक फूल पाहिलं आणि तिथल्या माळ्याला बोलून-बोलून त्याचं बी मागून घेतलं. (मी भाव करायला कुणाकडून शिकलो, ते यावरून कळावं.) फुलाचं नाव कोलंबाइन. वैशालीच्या मोबाइलवर मी नंतर फोटो पाहिला. मान खाली घातलेलं, निळं-पांढरं, मागे पाच बारीक शेपट्या. आक्का सांगायची, ‘‘कुंची घातलेली पाच बाळं तोंडाला तोंड लावून बसलीत, तसं दिसतं.’’ हे थंडीतलं झाड. सुरतच्या उन्हात ते जगवायचं म्हणजे तापीत बर्फ टिकवायचा. पण आक्का जिद्दीची. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. गेल्या वर्षी माळ्याने सांगितल्याप्रमाणे तिने नवरात्रात उरलेलं बी ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घातलं आणि डबी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवली, बियांना हिवाळा झाला असं वाटावं म्हणून. बी काळं, चकचकीत, तिळाहून बारीक. एकदा तिचे जावई ते सब्जा समजून फालुद्यात घालायला निघाले होते. आक्काने त्यांच्या हातातून डबी ओढली. ‘‘जावईबापू, सासू खा, पण हे नका खाऊ!’’ दिवाळीनंतर तिने ते बी मातीवर नुसतं दाबलं, वर माती टाकली नाही, कारण त्याला उजेड लागतो. चार कुंड्यांत रोपं धरली. पानं अगदी कोथिंबिरीसारखी.

या झाडाची खोड अशी की पहिल्या वर्षी नुसती पानं येतात, फूल दुसऱ्या वर्षी. म्हणजे मधला एक उन्हाळा त्याने काढायलाच हवा. आक्काने लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली, माठासारखा गारवा राहावा म्हणून. गच्चीवर ग्रे कापडाची, म्हणजे लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाची, दुहेरी सावली बांधली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी तिच्या घरी जातच नव्हतो.

या वर्षीची आखाजी आली. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी येते. आईवडील गेल्यापासून आक्काचं माहेर म्हणजे मी. दर वर्षी मी स्वतः गाडी घेऊन तिला आणायला जायचो. गेल्या वर्षी गेलो नाही, या वर्षीही गेलो नाही. दुपारी दुकानाचं काचेचं दार ढकलून आक्का आत आली. हातात कुंडी, कपाळावर घाम. न बोलावता माझ्या घरी यायचं नाही, हे तिने पाळलं. म्हणून दुकानात आली. आखाजीला बहीण माहेरी येते ती माझ्या गादीसमोर, गिऱ्हाइकासारखी.

‘‘तुझ्याकडे दिवसभर एसी असतो. एवढं एक झाड उन्हाळाभर ठेव,’’ ती म्हणाली.

मी म्हणालो, ‘‘ठेवतो. पण आधी सगळ्या नातेवाइकांसमोर कबूल कर, की वास्तूला आली नाहीस ही चूक झाली.’’

बहिणीशी भाव केला मी. झाडाच्या बदल्यात माफी. तिने कुंडी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, ‘‘माझं चुकलं असतं तर तू सांगायच्या आधी आले असते. झाड ठेवतोस की नाही?’’ ठेवलं. जाताना तिने माझं बोट धरून कुंडीच्या मातीत खुपसलं. ‘‘दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. कोरडं लागलं तरच पाणी. वरून बघून ठरवायचं नाही. आणि भाऊ, पानं वाळनात तरी फेकू नको. मूळ जित्तं राहास.’’ तेवढ्यात माझा फोन वाजला. मी तो घेतला आणि तिला हातानेच ‘ये आता’ म्हणून निरोप दिला.

जूनच्या सुरुवातीला पानं पिवळी पडली, मग गळाली. दुकानाला सुट्टी असली की एसी बंद, काचेतून पश्चिमेचं ऊन. दुसरं काय होणार? एके दिवशी आधीच एक सौदा फिसकटला होता. त्यात एक गुजराती गिऱ्हाईक त्या काड्यांकडे बघून म्हणालं, ‘‘शेठ, दुकानमां कोथमीर वावी हती?’’ म्हणजे कोथिंबीर पेरली होती का. दुकानातली माणसं हसली. माझं डोकं फिरलं. कुंडी उचलली आणि मार्केटच्या मागच्या उकिरड्यावर नेऊन आपटली.

संध्याकाळी भीती वाटली. बाजारात खराब माल गेला तर आपण बदली माल देतो, आणि दोन पैसे चढ्या दर्जाचा देतो म्हणजे पार्टी तुटत नाही. मी तेच केलं. नर्सरीतून फुलांनी लगडलेली मोठी जास्वंद घेतली आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा आक्काच्या दारात गेलो. म्हणालो, ‘‘एसी दुरुस्त करणाऱ्याचा धक्का लागला, कुंडी फुटली. त्याच्या बदल्यात ही आणली.’’

आक्काने पहिलं काय विचारलं? ‘‘त्या माणसाला लागलं तर नाही ना रे?’’

मी म्हणालो, ‘‘नाही.’’ तिने जास्वंद ठेवून घेतली, मला जेवायला वाढलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्यानंतर मी दर पंधरवड्याला जाऊ लागलो. मला वाटलं, हिशेब मिटला. तिला बंगल्यावर ये म्हणायचं मात्र दर वेळी राहून गेलं. तिनेच आधी विषय काढावा, एवढीच माझी अट होती…

तेराव्यानंतर मी आक्काच्या गच्चीवर उभा होतो. जास्वंदीला सात-आठ फुलं होती. सावलीत तीन कुंड्या, तिन्हीत नुसती माती. मी म्हणालो, ‘‘हीही मेली वाटतं.’’ वैशाली म्हणाली, ‘‘मामा, एक सांगते. तुम्ही जास्वंद आणलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई मार्केटला गेली होती. कुंडी फुटली तरी मूळ जिवंत असेल, ते मातीतून काढून आणते म्हणाली. तुम्ही बाहेर होतात. तुमच्या माणसांना तिने विचारलं, कुठे फुटली? ते म्हणाले, फुटली नाही, शेठने फेकली. आईने तो सगळा उकिरडा काठीने उपसला. नाही मिळालं.’’

मी विचारलं, ‘‘मला का नाही बोलली?’’

‘‘आम्हालाही बोलू दिलं नाही. म्हणाली, किती दिवसांनी जेवायला आला. चिडला की यायचं बंद करतो.’’

त्या तीन कुंड्या मी बंगल्यावर आणल्या. उत्तरेकडच्या भिंतीशी, दिवसभर सावली असते तिथे ठेवल्या. जिथे आक्का कधी आली नाही, म्हणजे मी येऊ दिलं नाही, तिथे. बायको म्हणाली, ‘‘रिकाम्या कुंड्यांना काय पाणी घालता?’’ मी तिच्यावर ओरडलो नाही. मागच्या पंधरवड्यात थंडी पडायला लागली आणि एका कुंडीत मातीतून जांभळट टोक वर आलं. आता त्याला तीन पानं आहेत. दोन कुंड्यांत अजून काही नाही. फूल आलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. येईलच असं मी म्हणत नाही, मला त्यातलं काही कळत नाही. चौथी कुंडी इथे असती तर तिच्यातही असंच काही वर आलं असतं का, एवढंच रोज मनात येतं.

सकाळी दुकानाला निघण्याआधी मी तिन्ही कुंड्यांत बोट घालतो, दुसऱ्या पेरापर्यंत. मग मार्केटला जातो. परवा एका पार्टीसमोर साडीचा पोत चिमटीत धरून दाखवत होतो. तो कापडाऐवजी माझ्या बोटाकडे बघू लागला. नखात माती होती. ‘‘शेठजी, हाथ…’’ तो म्हणाला. कापडाच्या धंद्यात मळका हात चालत नाही, हे मला आक्काने पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. मी उठून मोरीवर गेलो, नळ सोडला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं… मग नळ बंद केला, ते बोट मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने कापड दाखवायला परत बसलो.