महागडं जॅकेट आणि वॉल्टचे डोळे

ही गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. इथे कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोच्या आसपास कुठल्याही मराठी घरी जेवायला माझ्या शेजारी बसला असाल, तर तुमची सुटका झालीच नसणार. पण तिच्यातला मधला एक तास — त्या तासाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशी नाही, ज्यांच्याबरोबर एका अपार्टमेंटमध्ये पाच वर्षं काढली त्या मित्रांशीही नाही.

आता का बोलतोय? सानिकामुळे. सानिका माझ्या मित्राची मुलगी, इथेच जन्मलेली, आयडाहोत वनखात्यात नोकरी करते. तिथले सहकारी तिला यंदा शिकारीला नेणार आहेत. तिचा मेसेज आला, "काका, व्हिच कंपनी वॉज इट? जॅकेट एवढं लपवत असेल तर आय वॉन्ट दॅट वन." म्हणजे लहानपणापासून ऐकलेली माझी गोष्ट तिनं खरी मानली होती. मानणारच — मी ती करूनच तशी दाखवतो. यजमानांच्या पडद्याला पाठ लावून उभा राहतो, डोळे मिटतो, हातातला बटाटेवडा बंदुकीसारखा छातीशी धरतो, आणि मग वॉल्ट होऊन स्वतःच्याच समोरून दोनदा जातो. लोक हसून हसून ताटं खाली ठेवतात.

तिला मी सरळ उत्तर दिलं. आधी बूट आणि लोकरीचे मोजे घे, तिथे कंजुषी करू नकोस. मग अंगाला लागून घालायचा लोकरीचा थर. जॅकेट सगळ्यात शेवटी. डोंगर चढायचे असतील तर गिर्यारोहकांसाठी शिवणारी एखादी कंपनी बघ, महाग पडते पण वसूल होते. एका जागी बसून राहायचं असेल तर मोठ्या दुकानाच्या स्वतःच्या नावाचं, स्वस्तातलं पुरे. आणि वर नारंगी बंडी, बाकीच्या शिकाऱ्यांना माणूस आहे हे लांबून कळावं म्हणून, नेहमी, फोटोसाठीसुद्धा काढायची नाही. तिनं अंगठा पाठवला. मी मात्र माझ्याच शेवटच्या वाक्याकडे बराच वेळ बघत बसलो.

तर — बावीस वर्षांपूर्वी. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज नावाचं गाव. मी पीएचडी करत होतो, म्हणजे माझी उपकरणं मोडायची आणि डिपार्टमेंटच्या वर्कशॉपमधला वॉल्ट ती दुरुस्त करायचा. वॉल्ट त्रेसष्ट वर्षांचा होता. मोठा, संथ, लेथवर हात ठेवला की बोलणं थांबवणारा. मिलिंद हे नाव त्याला पेलायचं नाही, म्हणून मी मिल. सहा वर्षं नुसता मिल. त्या गावात तेव्हा भारतीय वाण्याचं एकच दुकान, कोथिंबीर आली की आमच्या अपार्टमेंटमधल्या चौघांपैकी एकानं कॅम्पस बसनं धावायचं — अशा दिवसांत वॉल्ट आणि त्याची बायको डोरिस मला रविवारी जेवायला बोलवायचे. मी गोमांस खात नाही हे डोरिसला एकदाच सांगावं लागलं. तुम्हाला आहेत का असे लोक, ज्यांना एकदाच सांगावं लागतं?

पेनसिल्व्हेनियात तेव्हा हरणांची शिकार थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायची. त्या दिवशी शाळासुद्धा बंद. वॉल्ट म्हणाला, चल. मी सुरक्षेचा कोर्स केला, परवाना काढला. त्यानं स्वतःच्या वडिलांची बंदूक मला द्यायचं ठरवलं, आणि वडिलांचाच लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा कोटही पुढे केला. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. मी म्हटलं, नको, मी घेतोय नवं.

आणि घेतलं. कॅटलॉगमध्ये बर्फाच्या कड्यावर उभा एक दाढीवाला होता, त्याच्या अंगावरचं. पानं, फांद्या, सालं, सगळं छापलेलं. महिनाभराच्या स्टायपेंडचा मोठा लचका गेला. आमच्या घरातला नागपूरचा अविनाश ते बघून म्हणाला, "काय बे, हरणाला बघायला चाललास का हरणाकडून पसंत करून घ्यायला?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं.

"आत काय घालशील? की आत फक्त बिल?"

त्यानं नेमकं तेच विचारलं होतं. आत मी काय घातलं? पुण्याहून आणलेला सुती गंजीफ्रॉक. सगळे पैसे वरच्या कापडावर, आत गंजीफ्रॉक. वॉल्टच्या मागे अर्धा तास चढ चढलो आणि त्या महागड्या उबेत घामानं निथळलो. मग एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी त्यानं मला बसवलं. म्हणाला, बंदूक सोडायची नाही, जागा सोडायची नाही, आणि काही झालं तरी आवाज करायचा नाही. तो टेकाडापलीकडे गेला. मी पहिली गोष्ट काय केली? नारंगी बंडी काढली. ती जॅकेट झाकत होती ना. छोटा कॅमेरा ओंडक्यावर ठेवून स्वतःचे चार फोटो काढले. बंडी बॅगेत राहिली.

तासाभरात ओला गंजीफ्रॉक बर्फ झाला. दात वाजायला लागले, बोटं कळेनाशी झाली. थोडं चालून यावं म्हटलं. बंदूक जड होती — भरलेली बंदूक मी झाडाला टेकवून ठेवली आणि गेलो. गाडीपर्यंत. गाडीला कुलूप. किल्ली वॉल्टकडे. परत निघालो.

झाड वीस पावलांवर होतं तेव्हा तो दिसला, टेकाडावरून उतरताना. वेळेआधीच आला होता, मला थंडी वाजत असेल म्हणून, थर्मास घेऊन. त्याला बंदूक दिसली. मी दिसलो नाही. त्याच्या हातातून थर्मास पडला.

मग त्यानं हाक मारली. "मिलिंद." मिल नाही. म, ल, द, सगळी अक्षरं जागच्या जागी. त्याला ते नाव येत होतं.

मला फक्त ओ द्यायची होती. एक अक्षर.

मी एका पडलेल्या ओंडक्यामागे पालथा झोपलो.

का? मला खरंच नेमकं सांगता येत नाही. बंदूक सोडली, जागा सोडली, बंडी काढली — त्याच्या वडिलांची बंदूक, भरलेली, एकटी. त्याच्या चेहऱ्यावर मला ते बघायचं नव्हतं. वाटलं, तो जरा पुढे गेला की उठून जागेवर बसेन, काहीतरी सांगेन. तो पुढे गेला, ओंडक्याच्या पलीकडून, इतक्या जवळून की श्वास ऐकू येत होता. खाली ओढ्याकडे धावला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, बर्फातून. पाण्यात शिरल्याचा आवाज आला. मला वाटलं असेल ना, की आता उठावं? वाटलं. तो गुडघ्यापर्यंत भिजून परत आला, पुन्हा ओंडक्यापलीकडून गेला, पुन्हा हाका मारत. मी नाक पाल्यात खुपसून होतो. कुजलेल्या पानांचा तो वास मला अजून आवडतो, हेही कबूल करून टाकतो.

इतर शिकाऱ्यांना बोलवायला तो टेकाडावर चढला. मी उठलो, धावत जाऊन बंदूक घेतली, आणि ओंडक्याच्या पुढे, उघड्यावर, मांडीवर बंदूक ठेवून बसलो. तो परत आला, एकटाच, मदतीला कुणी सापडलं नव्हतं. त्यानं मला पाहिलं आणि झाडाला हात लावून उभा राहिला.

"कुठे होतास?"

इथे माझ्यातला नट जागा झाला. मी आश्चर्याचा चेहरा केला. "इथेच. नीट दिसावं म्हणून चार पावलं सरकलो, बंदूक तेवढी तू वर गेल्यावर उचलून आणली. तूच म्हणालास, आवाज करायचा नाही. तू समोरून दोनदा गेलास, वॉल्ट. मला वाटलं माझी परीक्षा घेतोयस." आणि बाही पुढे करून म्हणालो, "जॅकेट आहे हे."

माझी अपेक्षा होती की तो शिव्या देईल, किंवा हसेल.

"किती जवळून गेलो?"

"सहा फूट."

सहा फूट खरे होते. मधला ओंडका तेवढा मी गाळला.

वॉल्टनं माझ्याकडे पाहिलं, मग मी बसलो होतो त्या जागेकडे, मग आजूबाजूच्या झाडांकडे, हळूहळू, एकेक. त्यानं स्वतःच्या बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि कोटाच्या खिशात टाकल्या. म्हणाला, "चल. डोरिसनं अंड्याची सँडविचेस दिलीयत." गाडीत हीटर लावला आणि हीटरच्या तोंडाशी माझे हात धरायला लावले. त्याची पँट गुडघ्यापर्यंत गोठून कडक झाली होती.

त्यानंतर त्यानं शिकार केली नाही. सहा फुटांवरचा माणूस ज्याला दिसत नाही त्यानं बंदूक धरू नये — यावर त्याच्याशी वाद घालायला जागाच नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. त्यावर वॉल्ट म्हणाला, "त्यांनी मला अक्षरं वाचायला दिली. झाडं नाही दिली." वर्कशॉपमध्ये हे सांगताना तो लेथ पुसत होता, मी समोर स्टुलावर होतो, आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. तेव्हा का नाही बोललो? मी म्हटलं, डॉक्टरांना काय कळतंय.

वसंतात त्यानं स्वतःची बंदूक पुतण्याला दिली. वडिलांची कपाटात राहिली. दर वर्षी त्या सोमवारी तो पोर्चवर कॉफी घेऊन बसायचा आणि डोंगरातून आवाज आला की कुणाची कुठली बंदूक ते सांगायचा. डोरिस आतून म्हणायची, "वॉल्ट, आत ये, तुझ्याशिवाय उडतायत त्या." मीही दोन वर्षं त्याच्या शेजारी बसलो. तिथे मला फार छान वाटायचं. म्हणजे बघा.

आणि ती गोष्ट तर जन्मली होतीच. पहिल्यांदा मी ती त्याच रात्री अविनाशला सांगितली. तो गादीवर लोळून हसला. एवढं चांगलं हशा पिकवणारं माझ्याकडे आधी काही नव्हतं. पुढे पदवी झाली, कॅलिफोर्निया, नोकरी, घर, आणि प्रत्येक ठिकाणी मी मिलिंद, तो हरणाच्या गोष्टीवाला. माझ्या निरोपाच्या पार्टीत तर ती वॉल्टनंच सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. स्वतःचे डोळे किलकिले करून, हात पुढे धरून चाचपडत. सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

वॉल्ट गेल्या मार्चमध्ये वारला. डोरिसनं कळवलं. शेवटचं आमचं बोलणं त्याआधीच्या नोव्हेंबरात झालं, फोनवर, त्या सोमवारी. आता शिकार शनिवारी सुरू होते, पण त्याचा फोन सोमवारीच यायचा. आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाला, "मिल, तुझे आभार मानायचे राहिलेत. बहुतेकांना आपले डोळे गेल्याचं कुणावर तरी गोळी झाडल्यावर कळतं. मला तू नुसता बसून कळवलंस."

"यू आर वेलकम, वॉल्ट," मी म्हणालो.