मामोयोच्या सासरची माणसं

दांगाम्वुरा ह्या आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला घरं संपतात आणि खडकाळ टेकडी सुरू होते. तिथल्या शेवटून दुसऱ्या घरात रोज सकाळी साडेसहाला भांडणाला तोंड फुटायचं. आवाज मात्र एकाच बाजूचा, मामोयोचा. दुसरी बाजू परसाच्या भिंतीवर बसून पेरू खात असायची.

"आलात का वन्सं? या, बसा! काल भोपळा अर्धाच खाल्लात, पोट बिघडलं होतं का? आणि ही सगळी पिलावळ बरोबर! तुमच्याकडे चूल पेटवायची पद्धत नाही वाटतं!"

वन्सं म्हणजे कळपातली थोरली माकडीण. काळं तोंड, राखाडी अंग आणि डाव्या कानाचा लचका गेलेला. मामोयोचा नवरा सोको, म्हणजे माकडाच्या कुळातला. त्या कुळातल्या पुरुषाला सगळे मानाने मुकान्या म्हणतात, आणि माकड मारणं सोडाच, त्याच्यावर हात उगारणंही त्यांच्यात वर्ज्य. मामोयो स्वतः मोयो, काळजाच्या कुळातली. तिच्या माहेरी फक्त काळीज खायचं नाही एवढाच नेम, माकडाला धोंडा मारला तर कुणी विचारत नसे. लग्नानंतर पहिल्याच सकाळी तिने झाडू उगारून एक माकड हाकललं, तेव्हा सासू म्हणाली होती, "सूनबाई, अंगाची हळद निघाली नाही तोच घरच्या माणसांवर झाडू?" सगळे हसले. मामोयो हसली नाही. मुकान्याला सख्खी बहीण नव्हती. ही उणीव तिने पुढे कळपातल्या थोरलीला वन्सं म्हणत भरून काढली, आणि एकेचाळीस वर्षं हात न उगारता फक्त तोंडाने भांडली. तोंड तिचं बरं चालायचं.

मुकान्या पोस्टात होता. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून परसात मका, भोपळा, कोवोची पालेभाजी, चार केळी असं सगळं उभं केलं. लाइटचा भरवसा नाही, म्हणून भाजणं अंगणातल्या लोखंडी भांड्यातच. मामोयोचा चिमोधो, म्हणजे मक्याच्या पिठाची जाड गोड भाकर, साऱ्या गल्लीत नावाजलेला. मक्याचं पीठ, मूठभर गव्हाचं, आंबट दूध, साखर, एक अंडं. भांड्याच्या तळाशी केळीचं पान, खाली निखारे, झाकणावर निखारे. झाकण उचलून बघायचं नाही. झालं की वासच सांगतो. तळाची करपलेली खरपूड मुकान्या काढून भिंतीवर ठेवायचा.

"खाऊ द्या, खाऊ द्या, बहिणीला आधी. बायकोचं काय, ती उरलंसुरलं खाईल," मामोयो म्हणायची.

"तुला हवी का खरपूड?"

"मला कशाला हवी?"

"मग ओरडतेस कशाला?"

गेल्या मे महिन्यात मुकान्या गेला. दुपारी जेवून खुर्चीत बसला तो बसलाच. मयताला माणूस मावेना. भाऊ आले, पुतणे आले, रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे वाटले गेले. कोट एकाने नेला, बूट दुसऱ्याने, रेडिओ कुणी नेला ते कळलंच नाही. सगळे म्हणाले, वहिनी, आम्ही आहोत. त्यानंतर त्यांतलं एकही पाऊल घराकडे वळलं नाही. मुलगा इंग्लंडला. रविवारी फोन करतो, आणि फोनमध्ये जास्त वेळ तिकडच्या पावसाचीच तक्रार करतो.

येत राहिला तो फक्त फिनियस, मुकान्याचा साहविरा. साहविरा म्हणजे जिवलग दोस्त, पण साधा दोस्त नव्हे. त्याला काहीही बोलायचा परवाना असतो, मयताच्या घरीसुद्धा. मुकान्याच्या अंत्यविधीला ह्या गृहस्थाने मुकान्याचीच टोपी घातली, त्याच्यासारखा पाय ओढत अंगणभर फिरला आणि रडणाऱ्या पुतण्यांना त्याच्याच आवाजात दरडावलं, "रडताय कशाला? मी जिवंत होतो तेव्हा कुठे होतात?" लोक रडता रडता हसले. मामोयोने तेव्हाही स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली नाही. दोनशे माणसांचं जेवण व्हायचं होतं.

नवरा गेल्यावर खरपूड भिंतीवर ठेवणं तिने सोडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, फेकून देण्यापेक्षा बरं.

यंदा फेब्रुवारीत माकडांनी ताळतंत्र सोडलं. टेकडीवरची झाडं तोडून तिथे नवी घरं होत होती, माकडं तरी जाणार कुठे? मामोयोच्या भिंतीवर बसायची आणि तिथून पलीकडे लोकेडियाच्या मक्यात उतरायची. लोकेडिया तिशीतली, तीन पोरींची आई. नवरा दक्षिण आफ्रिकेत कामाला गेला तो गेलाच. परसातला मका म्हणजे त्या चौघींचं वर्षाचं पीठ. एका सकाळी ती मक्याचं उपटलेलं ताट हातात घेऊनच आली.

"काकू, हे बघा. दाणाही भरला नव्हता. खाल्लंसुद्धा नाही हो, नुसतं सोलून फेकलं!"

"बस आधी. पाणी घे."

"पाणी नको मला! धाकटी रोज विचारते, आई, आपली कणसं कधी? काय सांगू तिला? माकडांना विचार म्हणू?"

बोलता बोलता तिने कमरेच्या कापडात बांधलेली पुडी काढली. बाजारात कुणीतरी दिलेलं शेतीचं औषध होतं. साद्झामध्ये, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीत, कालवून तिने दोनदा ठेवून पाहिलं होतं, माकडं शिवली नव्हती.

"तुमच्या हातचं मात्र खातात. एक चिमोधो भाजून द्या, काकू. बाकीचं मी बघते." मग खाली बघत म्हणाली, "मुकान्याबाबा होते तोवर मी तोंड उघडलं नाही. आता ते गेले. तुम्ही तर मोयो. तुमचं त्या माकडांशी काय नातं उरलंय?"

मामोयो त्या ताटाकडे बघत राहिली. ह्या पोरीचं काही खोटं नव्हतं. "दुपारी भाजते," ती म्हणाली. "चारला ये."

आता खोटं कशाला सांगा, पीठ कालवताना तिला बरं वाटत होतं. एकेचाळीस वर्षांचा हिशेब डोक्यात फिरत होता. केळीचे घड, दोरीवरून पळवलेले परकर, मुलाच्या बारशाला राखून ठेवलेला भोपळा. सूनबाई म्हणून ऐकून घेतलेलं सगळं. साखरही तिने जरा सढळ हातानेच घातली. निखारे झाकणावर रचले आणि ती उलट्या बादलीवर बसली.

तीनच्या सुमारास फाटक वाजलं. वास फिनियसला कोपऱ्यावरून खेचून आणायचा.

"वहिनी, कुणाचं लग्न काढलंत? आज साखर जास्त पडलीय, नाकाला कळतं!"

"आज मिळणार नाही भावजी. चहा घ्या आणि जा."

"मिळणार नाही? मला? काय, इंग्लंडचा राजा येतोय की काय चिमोधो खायला?"

"तुमच्या पोटात जाण्यासारखा नाहीये तो."

फिनियसने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग लोकेडियाच्या परसाकडे. मक्याच्या वाफ्यात मध्येच पडलेली खिंडारं त्याला दिसली. गल्लीत पुडीची कुजबुज त्याच्या कानावर आलेली होतीच. दुसरा कुणी असता तर उपदेश करून मोकळा झाला असता. हा उठला, उजवा पाय ओढत अंगणात दोन फेऱ्या घातल्या, मुकान्याच्या खुर्चीसमोर थांबला आणि घसा खाकरला. आवाज थेट त्याचाच.

"मामोयो! काय ऐकतोय मी? माझ्या बहिणीला जेवायला बोलावलंस? आणि मला विचारलंही नाहीस?"

"भावजी, पुरे."

"कोण भावजी? मी नवरा आहे तुझा. एवढं गोड करून वाढायला माझी बहीण कधीपासून तुझी लाडकी झाली?"

मामोयो ताडकन उठली. "हो, बोलावलंय! काय करायचं मी? तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या निघून गेलात! तुमचे भाऊ कोट घेऊन गेले, रेडिओ घेऊन गेले, एकाने तरी विचारलं का, वहिनी जेवलीस का? नऊ महिन्यांत तुमच्या घरचं म्हणून ह्या दारात कोण आलं? ती! ती कानतुटी! रोज! रोज सकाळी!"

फिनियसचा पाय आपोआप सरळ झाला. भांड्यातून भाजल्याचा वास येत होता. मामोयोने फडक्याने झाकण काढलं, चिमोधो ताटात पालथा घातला आणि चार वाजायची वाट न बघता ताट घेऊन शेजारी गेली.

लोकेडियाच्या तिन्ही पोरी दारातच होत्या. मामोयोने धाकटीच्या हातात गरम तुकडा ठेवला, तशी लोकेडिया आतून किंचाळत धावली.

"काकू! त्यांना नको!"

"त्यात काही नाही. पुडी तुझ्याकडेच आहे ना? दे इकडे."

"म्हणजे? सकाळी हो म्हणालात!"

"म्हणाले. आणि मनापासून म्हणाले होते, त्याचीच भीती वाटतेय मला. ती माझ्या सासरची माणसं आहेत, लोकेडिया. शिव्या मी देईन. माझ्या हातचं खाऊन ती मरणार नाहीत."

"नाती तुमची आणि पोटं आमची?" लोकेडियाचे डोळे भरून आले. "तुम्हाला काय, तुम्ही एकट्या! मी ह्या तिघींना मार्चनंतर काय घालू?"

हे लागण्यासारखंच होतं, आणि लागलं. "माझ्या मक्याच्या चार ओळी आजपासून तुझ्या," मामोयो म्हणाली. "आणि मला पंधरा दिवस दे. ती माझ्या भिंतीवरून तुझ्याकडे उतरतात. भिंतीवर येणंच मी बंद करते. नाही जमलं, तर पुडी तुझी आणि भाकरही मीच भाजून देईन."

"बंद कसं करणार?"

मामोयोने पुडी घेतली, न्हाणीमागे खोल खड्डा करून पुरली आणि संध्याकाळपर्यंत ती टेकडीच्या पायथ्याशी ओच्यात काहीतरी वेचत होती.

सकाळी साडेसहाला वन्सं आल्या. भिंतीवर बसल्या, खरपूड कुठे दिसेना म्हणून इकडे तिकडे बघू लागल्या. आज ओरडाही नव्हता. मामोयोने दगड उचलला आणि फेकला. तो भिंतीच्या कडेला लागून उडाला. बाकीची माकडं उधळली, वन्सं हलल्याच नाहीत. ह्या घरातून दगड येतो हे तिला माहीतच नव्हतं. ती मामोयोकडे बघत राहिली.

"जा ना गं," मामोयो म्हणाली. "जा, बाई. मरशील इथे."

दुसरा दगड मांडीवर बसला. माकडीण कळवळून ओरडली आणि टेकडीकडे पळाली. मामोयो बादलीवर बसली आणि मोठ्याने रडली. नवरा गेला तेव्हा राहून गेलेलं सगळं त्यातच रडून झालं.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दगड घेऊन उभी होती. तिसऱ्याही. लोकेडियाच्या थोरलीने पत्र्याचा डबा बडवायला घेतला. खरपूड चुलीत जाऊ लागली. नवव्या दिवशी भिंतीवर कुणीच आलं नाही, आणि पंधराव्या दिवशीही नाही. लोकेडियाच्या उरलेल्या मक्याला दाणा भरला. तिने पहिली सात कणसं टोपलीत घालून आणली, रिवाजाप्रमाणे गुडघ्यावर बसून, मानाने टाळ्या वाजवून दिली. मामोयोनेही टाळ्या वाजवून घेतली.

सकाळी आता आमची गल्ली शांत असते. पहिले काही दिवस लोकांना चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. मामोयोची वेळ बदलली. ऊन उतरायला लागलं की माकडं टेकडीवरच्या मोठ्या खडकावर जमतात. तेव्हा ती भिंतीपाशी जाते आणि डोळ्यांवर हात धरून उभी राहते. परवा फिनियस आला, त्याने चहासाठी दोनदा हाक मारली, ती वळली नाही.

"वहिनी, पाण्याला उकळी येऊन गेली की! तिकडे काय बघत बसलात?"

"गप्प बसा हो. मोजू द्या."

तो जवळ येऊन उभा राहिला. त्याला लांबचं धड दिसत नाही, म्हणून तो तिच्याच तोंडाकडे बघत होता. तिचे ओठ हलत होते. एकदा ती अडकली, मागे गेली, पहिल्यापासून सुरुवात केली.

"सतरा," ती शेवटी म्हणाली. "आहेत सगळी. चला, चहा घेऊ."