लुगड्यावर घेतलेलं पातेलं

आई गेल्यावर महिन्याभरात मी तिचं जुनं लुगडं भांडेवालीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. आजही त्यात दूध तापलं की जुन्या जालन्यातल्या गल्लीतली ती दुपार आठवते. घासाघीस करून मी वर झाकणही उपटलं. चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही ही आईचीच शिकवण, त्यामुळे स्वतःवर भलताच खूश होतो. संध्याकाळी वडील खाटेवर चाचपडत राहिले. "हितलं लुगडं कुठंय रे? तुझ्या मायचा वास व्हता त्याला, म्हणून धू देलं न्हाई मी कोणाला." मी सायकल काढून गल्ल्या पालथ्या घातल्या, भांडेवाली कधीच निघून गेल्ती. परत येऊन पातेलं दाखवलं. वडिलांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाले, "लई शहाणा तू. मंग आता हे घेऊ का उशाला?"