फूल येईपर्यंत

वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांकडून एक नियम घोकून घेते: फूल पाहिल्याशिवाय नाव सांगायचं नाही. पानं फसवतात. हाच नियम मी घरीही लावला.

गेल्या आषाढात धुळ्याजवळच्या गावाहून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जळगावला व्हिडिओ कॉल आला. परसातल्या लिंबोणीवर कसला तरी वेल चढत होता. लिंबोणी आईनं लावलेली. आई जाऊन दोन वर्षं झाली. आबा रोज चहाच्या आधी त्या झाडाला पाणी घालतात.

"हाऊ येल कसाना शे माय? कापी टाकू का?"

पानं बदामाच्या आकाराची, देठ मोडला की चीक. कुळ कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी, एवढं उघड होतं. पण त्यातली प्रजाती आयपोमिया की मेरेमिया, हे परागकण पाहिल्याशिवाय मी ठरवणार नव्हते. असा झपाट्यानं पसरणारा वेल कॉलेजच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात नव्हता. मला हाव सुटली, हे सरळ कबूल करते.

"फूल येऊ द्या आबा. तोवर हात लावू नका."

आबांनी खरंच हात लावला नाही. शेजारच्या अक्का विळा घेऊन आल्या, तर त्यांनाही परत पाठवलं. "पोरनी सांगेल शे," म्हणाले.

दिवाळीत गेले तेव्हा वेल जांभळ्या फुलांनी भरला होता. खाली झाड आहे हे सांगावं लागलं असतं. मी दोन फांद्या वर्तमानपत्रात दाबल्या आणि निघताना म्हटलं, बोंडं वाळू द्या, बी पण लागेल.

सुट्टीनंतर सूक्ष्मदर्शकाखाली परागकण काटेरी दिसले. आयपोमिया. नमुन्याच्या चिठ्ठीवर सगळं नीट लिहिलं: कुळ, प्रजाती, ठिकाण. 'कशावर वाढलेला' या रकान्यात 'लिंबोणी' लिहिताना हात जरासुद्धा थांबला नाही.

संक्रांतीला बी घ्यायला गेले. वेलाखाली वाळक्या काट्यांचा सांगाडा उरला होता. बुंध्याजवळची माती मात्र ओली होती. मला लाज वाटली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी आबांना वेलाचं नाव सांगितलं, कुळासकट, पूर्ण.

"चांगलं नाव शे," आबा म्हणाले. "मंग आते कापी टाकू का?"