विमानाचा बिगरहंगाम

विमानाशी माझा संबंध आयुष्यात एकदाच आला होता, येरमाळ्याच्या जत्रेत. तिथल्या फोटोवाल्याकडं पत्र्याचं विमान होतं. त्याच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून मी आणि बायकोनं फोटो काढून घेतला होता. एवढ्या अनुभवावर आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी मला विमान बाळगायला वर्षाला किती खर्च येईल, ते काढायला सांगितलं. आणि मीही लगेच हो म्हणालो.

झालं असं, की आदल्या साली उसावर पाकोळी ही कीड पडली. भाड्याचं विमान आलं आणि औषध फवारून गेलं. गावोगावची माणसं भाकरी बांधून ते बघायला आली होती. साहेबांनी ती गर्दी बघितली आणि त्यांच्या मनानं घेतलं. "भाड्याचं किती दिवस आणायचं? कारखान्याचं सोताचंच घिऊ," ते म्हणाले.

मी तिथं हंगामी कारकून होतो. ट्रॅक्टर आणि जीपच्या डिझेलचं रजिस्टर माझ्याकडं असायचं. गाळप चालू असलं की पगार, संपलं की घरी. सहा हंगाम मी कायम होण्याची वाट बघत होतो. साहेब म्हणाले, "आकडा नीट आना. मंग कायमच्या यादीचं बी बघू." नीट म्हणजे कमी, हे मला न सांगताही कळलं.

दुष्काळानं ऊस वाळला होता, त्यामुळं गाळप लवकर आटोपलं. तरी मी इस्त्रीचा शर्ट घालून रोज कारखान्यात जायचो, बिनपगारी. बायको त्या दिवसांत रोजगार हमीच्या तलावावर माती वाहायला जायची. मी जात नव्हतो. कारखान्याच्या कारकुनाच्या डोक्यावर घमेलं दिसलं तर कारखान्याची अब्रू जाईल, असं मी तिला पटवलं होतं. म्हणजे पटवलंय, असं मला वाटत होतं.

विमान विकणाऱ्यांचं दोन पानी इंग्रजी पत्र आलं होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी त्याचा अर्थ लावत बसलो. विमान टर्बोप्रॉप होतं. पुढं पंखा, पण इंजिन जेटच्या जातीचं, आणि त्यात जळतं ते शुद्ध केलेलं रॉकेल. रॉकेल हे वाचून मी इतका खूश झालो, की समासात 'ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त' असा शेरा मारला. पहिल्या पानावर उडायचा खर्च होता. इंधन, वंगण, टायर, सुटे भाग. हे सगळं माझ्या जीपच्या रजिस्टरातलंच होतं.

दुसरं पान मात्र माझ्या रजिस्टरात कुठंच नव्हतं. विमा, विमान ठेवायची शेड, पायलटचा पगार, सरकारी तपासणी, आणि ठराविक तास भरले की इंजिन बिघडो न बिघडो, ते उघडायचा खर्च. मग माझं डोकं चाललं. साखर कारखान्यात मुकादमापासून काटेवाल्यापर्यंत सगळं हंगामी, तर विमानानं काय पाप केलंय? फवारणीचं काम वर्षातून तीन आठवड्यांचं. मी पायलट हंगामी केला. विमाही उडेल तेवढ्याच दिवसांचा धरला. विमान ठेवायला बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची शेड दाखवली, बगॅस संपला की ती रिकामीच असते. चांगलं चालणारं इंजिन उघडायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा, म्हणून ती रक्कम गाळली. उरलेल्या पानावर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं, 'आपणांस लागू नाही'. आकडा असा सुरेख उतरला, की मला वाटलं आता साहेब मला नुसतं कायम नाही, मॅनेजरच करतील.

संध्याकाळी बायको कामावरून आली. पायांना गुडघ्यापर्यंत माती होती. मी तिला बसवून सगळा कागद वाचून दाखवला. तिनं पाणी पिता पिता विचारलं, "मंग ऱ्हायलेल्या दिसांत त्ये इमान कुठं आसतंय?"

"शेडमध्ये. उभं."

"अन् खातंय काय?"

"अगं, विमान आहे ते, बैल नाही. उडालं तर खर्च, नाही उडालं तर नाही."

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुमी बी हंगाम सरल्यावर उबंच आसताव की. दोन येळा जेवताव न्हवं?"

मला राग आला. शेजारच्या घरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी तिला, तुला विमानातलं काय कळतं, असं विचारलं. जणू मी आयुष्यभर ढगातच राहत होतो. ती चूल पेटवायला गेली. थापलेल्या भाकरीचं पीठ कुणाच्या कमाईचं, हे मला माहीत होतं. लाज वाटली. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलो.

सकाळी दुसरं पान परत वाचलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, की विमान उडो न उडो, हा खर्च दरसाल पडणारच. सहा वर्षं बिगरहंगामात बसून खाणाऱ्या माणसाला एवढी ओळ दिसू नये! पायलट बारमाही केला, विमा वर्षाचा धरला, शेड नवी दाखवली, इंजिनाची रक्कमही घातली. भाड्याचं विमान आणणं कितीतरी पट स्वस्त निघालं. कागद तसाच साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "तीन आठवड्याच्या कामाला बारा म्हैन्याचा पगार?"

"साहेब, उभं असलं तरी ते खातं."

"ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

"घरून," मी म्हणालो.

विमान आलं नाही. सर्वसाधारण सभेत साहेबांनी काटकसर म्हणून बेत सोडल्याचं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. महिन्याभरानं कायमची यादी लागली. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगताना मला रडू आलं. ती म्हणाली, "खरं लिवलं न्हवं? मंग झालं तर."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच ठेवला आणि तिच्याबरोबर तलावावर गेलो. मुकादम मला बघून उठून उभा राहिला. "काय बाबू, हजेरी तपासाय आलाव का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली, "न्हाय, कामावर आल्यात. नाव लिवा त्यांचं."

त्यानं तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.