जावेचं कुजकं पिंजर

कंप्युटरवरच्या सगळ्या बायांनो, आज माझा लई जळफळाट झालाय. सांगणारी मी, टायपणारी माझी नात प्रिया.

प्रिया कोल्हापुरात कॉलेजला वाळल्या गवतावरची बुरशी शिकती. नुसत्या डोळ्यांना दिसत न्हाय, एवढी बारीक. मागं म्हणाली, "आज्जी, गोठ्यातलं जुनं पिंजर दे." पिंजर म्हंजी भाताचं वाळलं गवत. नातीनं मागितल्यावर कुजकं द्यायचं व्हय? भाताची पिवळीधमक पेंढी काढली, झटकली, उन्हात वाळवून दिली. आमची म्हसबी असलंच खाती, दूध बघा की तिचं!

धाकल्या जावेनं मात्र गोठ्यामागचं भिजकं, काळं पडल्यालं पिंजर पिशवीत कोंबून दिलं.

आज प्रियानं आम्हा दोघींना कॉलेजात न्हेऊन बारीक ते मोठं दिसायच्या मशिनीतनं बुरशी दाखवली. काचेवाणी आरपार शेंग, आत वटाण्यासारखं ओळीनं आठ दाणं! डोळं निवलं बघा.

"माझ्या पेंढीतलं न्हवं हे?"

"न्हाय आज्जी, हे धाकल्या आज्जीचं. तुझ्यात कायबी घावलं न्हाय. लई स्वच्छ हाय."

वर ती बुरशी ठेवल्याल्या कागदाच्या पुडीवर जावेचं नाव! कुणाच्या गोठ्यातलं ते लिवत्यात म्हणं, आन् ती पुडी कॉलेजात कायमची ऱ्हाती. नात माझी, नाव तिचं! जाऊ कशी हसली, "अक्का, तुमचा गोठा लई लख्ख, त्याला कोण काय करणार?"

घरी आल्या आल्या दोन पेंढ्या भिजवून न्हाणीमागं टाकल्यात. बायांनो, कुणाला ठावं असंल तर सांगा, लवकर बुरशी धराय वरनं ताक शिंपडलं तर चालतंय का?