सत्त्याहत्तर नंबरने दिलेला पत्ता

आमचं घर किराणा दुकानदाराचं. काट्यावर ठेवता येईल तेवढंच खरं, बाकी सगळ्या बाता, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिताना हसत वाचतो, कुणाला राग आला तर येऊ द्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

शिरूर कासारला बसस्टँडमागे, सायकलच्या दुकानावरच्या माडीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. एसटीडी बूथ जोरात चालायचे ते दिवस. क्लास खरं तर दोघांचा – माझा आणि वैजनाथचा. वैजनाथ चकलांब्याचा. वायरिंग, हब, सर्व्हर, सगळं त्याचं डोकं. मी आपला शिकवायचो आणि जाहिरातीच्या पाट्या रंगवायचो. त्या वर्षी उन्हाळ्यात जीप उलटून तो गेला. त्याचा कॉम्प्युटर मी खोक्यात बांधून त्याच्या आईकडे पोचवला आणि एकटाच क्लास रेटू लागलो. दिवाळीनंतर निम्मा तालुका ऊसतोडीला जातो. गल्लीत दारांना कुलपं, क्लासात रिकाम्या खुर्च्या. दिवसदिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. दुपारचा डबा मी सर्व्हरकडे तोंड करून खायचो, निदान त्याचा पंखा तरी वाजायचा.

त्यातच सिंधूची कोर्सची परीक्षा आली. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, टायपिंगला माझ्याहून फास्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर निघणार होता. तिला सोडायला आलेले वडील दारातूनच म्हणाले, "सर, आज पास झाली तर ऱ्हाईल बीडला मावशीकडं, नोकरी बघंल. न्हाई तर उद्या भावासंगं कोयत्याला."

म्हणून खास तिच्यासाठी पेपर मागवला होता. तो सर्व्हरवर होता आणि त्या एकाच दिवशी उघडणार होता. आणि नेमकं त्याच दिवशी कॉम्प्युटरना पत्ते मिळेनात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वायरने जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर लागतो, तोच त्याचा पत्ता. चालू झाला की तो पत्ता मागतो आणि सर्व्हर देतो. कुणीच दिला नाही तर बिचारा स्वतःच एक पत्ता ठरवून घेतो, १६९ ने सुरू होणारा. मग सर्व्हरला तो सापडत नाही आणि त्याला सर्व्हर. हे सिंधूला समजावलं तर ती म्हणाली, "म्हंजे आमच्यावानीच की सर. जिथं पाचटाची कोपी बांधली तो आमचा पत्ता. कुणी पत्र धाडलं तर मिळत न्हाई." मी केबल काढायला टेबलाखाली वाकलो.

केबल बदलली. हबमधली, म्हणजे सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या डब्यातली, जागा बदलली. सर्व्हर तीनदा बंद-चालू केला. बाकीच्या सगळ्या मशीनच्या वायरी काढल्या आणि फक्त तिचं, चार नंबरचं, ठेवलं. 'रिन्यू', म्हणजे नव्याने पत्ता मागायचं बटण, दाबायचं, वाट बघायची – पुन्हा १६९. हाताने नंबर टाकावा तर विंडोज सीडी मागत होती, आणि सीडी वैजनाथच्या सामानात गेलेली. सर्व्हरवर बसून पेपर सोडवायला ते सॉफ्टवेअर परवानगी देत नव्हतं. लोडशेडिंगमुळे पाचला लाइट जाणार हे ठरलेलं, आणि साडेतीन वाजले होते. सिंधू पदराला हाताचा घाम पुसत बसली होती. माझा तोल गेला. तिच्यासमोरच मोठ्यानं बोललो, "काहून गेलास बे वैजनाथ, मला सोडून..."

सिंधूने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने परत एकदा रिन्यू दाबलं.

"सर, आला."

खरंच आला होता. १६९ नाही, आमचाच, नेहमीचा. पत्ता कुणी दिला, तो नंबरही त्याच खिडकीत दिसतो. सर्व्हरचा नंबर एक. तिथं होता सत्त्याहत्तर.

सत्त्याहत्तर हा वैजनाथच्या कॉम्प्युटरचा नंबर. वैजनाथ होता तेव्हा पत्ते तोच कॉम्प्युटर वाटायचा. तो गेल्यावर पुस्तक बघून ते काम मी सर्व्हरवर टाकलं होतं.

तिला पेपरला बसवलं आणि सर्व्हरवरून सत्त्याहत्तरला हाक घातली. त्याला पिंग म्हणतात, समोर कुणी असेल तर उत्तर येतं. चारदा विचारलं, चारही उत्तरं आली. हबमध्ये दोनच वायरी होत्या, एक सर्व्हरची आणि एक सिंधूची. तिसरी नव्हतीच. मी बोटाने चाचपून पाहिलं.

पावणेपाचला पेपर संपला. सिंधू पास झाली. बाहेर वडिलांना सांगताना ती रडत होती. मी आत येऊन पुन्हा पिंग केलं. उत्तर नाही. पहाटे ट्रॅक्टर तिच्याशिवाय गेला. आठवड्याने मी चकलांब्याला जाऊन आलो. खोकं होतं तिथंच होतं, सुतळीची गाठ मी मारली तशीच. आईंनी कपभर चहा दिला, तो पिऊन मी परत निघालो.

इथले जाणकार आता विचारतील, सिंधूची वायर काढून का नाही पाहिली? काढूनही उत्तर आलं असतं तर ते तिच्या मशीनमधून येत नव्हतं, असा सोक्षमोक्ष लागला असता. पण तिचा पेपर तुटला असता. नंतर कितीदा त्या मशीनसमोर बसून मी रिन्यू दाबलं, दरवेळी १६९. याचं उत्तर कुणाकडे असेल तर खाली लिहा.

मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. वैजनाथ त्या दिवशी तासभर आमच्या क्लासात होता – असलाच तर. आणि मी पोरीच्या पेपरला धक्का लागू नये म्हणून कीबोर्डवरून हात काढून, त्याच्याशी एक शब्दही न बोलता बसून राहिलो.